सात ओळींचा खुराक

आमच्या शिवणकामाच्या दुकानात पेंगणारा माणूस टिकत नाही! तीस वर्षं मी हे दुकान चालवतेय. आमचे हे कापड कापतात, मुलगा मशीन मारतो, मावशी काजं-बटणं करतात आणि मी या तिघांना जागं ठेवते. चौघांत अवघड काम माझंच!

पण त्या आठवड्यात तिघांचं काय बिनसलं कोण जाणे. मुलाने तर डुलक्या काढता काढता स्वतःच्या शर्टाची बाही गिऱ्हाइकाच्या पँटला शिवून टाकली! आणि नेमकं तेव्हाच इस्पितळाचं काम आलेलं. तीस पांढरे कोट, शुक्रवारी संध्याकाळी पाचला. मेट्रनबाईंनी बजावलं होतं, "वेळेत दिलेत तर वर्षभराचं काम तुमचं. नाहीतर शिंप्यांना काय तोटा!"

आमची सूनबाई शाळेत शिकवते. त्यामुळे घरातही शिकवते.

"आई, हा थकवा खाण्याचा आहे," ती म्हणाली. "दिवसभर नुसता चहा नि पाव! अंगात जोर येणार कुठून? मी आहारवाल्या बाईंकडून तक्ता आणलाय. बसा, समजावून सांगते."

"मला खाणं समजावतेस? तुझा नवरा काय हवा खाऊन एवढा वाढला?"

कागद मी तिच्या हातातून ओढून घेतला. मी चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर लावता येतं! आडव्या सात ओळी, प्रत्येकीपुढे आकडा. वर काहीतरी मुंगीएवढं लिहिलेलं, ते सोडून दिलं. आमच्या मापाच्या कागदावरही वर गिऱ्हाइकाचं नाव असतं आणि खाली सात ओळी: उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, गळा, घेर. सातही मापं एकाच अंगाची! एक जरी गाळलं तरी कपडा बसत नाही. मग हा कागद काय वेगळा असणार?

शुक्रवारी सून शाळेत गेली आणि मी पदर खोचला. वीस कोट तयार होते, दहा बाकी. चहा बंद!

पहिली ओळ: दोन अंडी, दोन केळी. तिघांनी आनंदाने खाल्लं. दुसरी: दुधातले ओट, मूठभर बदाम. तेही गेलं. तिसरी: वाडगाभर उकडलेला राजमा. इथे आमचे हे म्हणाले, "अगं, आत्ताच तर खाल्लं!"

"ती छाती झाली. आता कंबर!"

चौथ्या ओळीला मासा होता, पाचवीला रताळी आणि दही. मावशी रडवेल्या झाल्या. "वहिनी, दोरा ओवायला वाकता येईना हो!"

"वाकू नका, ताठ बसून ओवा! जोर येतोय, लक्षण आहे ते!"

सहावीला मसूर. सातवीला पुन्हा अंडी, वर अक्रोड. दुपारचे दोन वाजले होते. मी ओळींवर खडूने खुणा केल्या आणि जोराची वाट बघत बसले.

जोर आला, पण भलत्याच बाजूने! राजमा, मसूर आणि अंडी एकत्र आल्यावर दुकानात जे वारं सुटलं, त्याने टांगलेले कोट हलले असते तरी मला नवल वाटलं नसतं. संडास एकच, आणि त्यात मावशी. बाहेर मुलगा दार बडवतोय, "मावशी, माणुसकी ठेवा!" आमचे हे कापायच्या टेबलावर आडवे झाले, अजगराने बकरी गिळावी तसे. घोरणं असं की मशीन चालू आहे असं वाटून मी दोनदा वळून बघितलं!

चार वाजता सून आली. तिने नाकाला पदर लावला, तक्त्यावरच्या सात खुणा बघितल्या आणि मटकन खाली बसली.

"आई! हा आठवड्याचा तक्ता आहे हो! रोज एक ओळ!"

मी म्हणाले, "मग तसं मोठ्या अक्षरात लिहायचं."

दोघींनी मशिनी धरल्या. पाच वाजता चार कोट झाले होते आणि मेट्रनबाई दारात उभ्या होत्या!

"सहा कमी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी टेबलावरचं धूड बघितलं. नाडी धरली, जीभ बाहेर काढायला लावली. "काय खाल्लं यांनी?"

मी सातही ओळी सांगितल्या.

"सकाळपासून?" त्यांचे डोळे विस्फारले. "आणि तुम्ही?"

"मीपण तेच!" मी ठसक्यात म्हणाले. घरधनीण काय वेगळं ताट वाढून घेते?

"मग खाण्याचा दोष नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तेच खाऊन तुम्ही या वयात खणखणीत उभ्या, म्हणजे ही माणसंच आळशी. उद्या सुधारतील याची काय खात्री? वर्षाचं काम अशांच्या हातात नाही द्यायची मी."

आणि त्या निघाल्या की हो! सून माझ्याकडे बघतेय, मुलगा भिंत धरून माझ्याकडे बघतोय. तीस वर्षांचा ताठा एकीकडे आणि वर्षाचं काम एकीकडे.

"थांबा बाई!" मी ओरडले. "माणसं चांगली आहेत. मी... मी त्यातलं काहीच खाल्लं नाही."

"मग काय खाल्लंत?"

"चहा. आणि लोणी लावलेला पाव. मापं घ्यायच्या पडद्याआड."

"किती कप?"

"पाच."

टेबलावर मेल्यासारखे पडलेले आमचे हे ताडकन उठून बसले. "पाच?!"

मेट्रनबाई इतक्या हसल्या की त्यांना स्टूल द्यावं लागलं. उरलेल्या सहा कोटांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत मिळाली, कोट गेले आणि वर्षाचं कामही आलं. आता तक्ता सून वाचते, रोज एकच ओळ. मी मुकाट्याने खाते. आणि खोटं कशाला बोलू, चार वाजता पूर्वी डोळे मिटायचे, ते आता मिटत नाहीत. पण हे तिला कोणी सांगू नका. आधीच शाळेत शिकवते, उद्या मलाच वर्गात बसवेल!