माझी बिनमिठाची ओळी

एकता सुरतेला निघाली त्या सकाळी मी एकच वाक्य बोललो. ते गिळून टाकलं असतं तर आज आमच्या खापर गावच्या बाजारातून मान वर करून चाललो असतो.

माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. एकता दहा दिवसांसाठी चालली होती. लग्नसराईचे दिवस, कापडाचं दुकान बंद ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून मी मागे राहणार होतो. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन ती म्हणाली, "अहो, समोरच्या गुलाबबाई काकींना डब्याचं सांगून जाऊ का?"

मी म्हणालो, "छे! एका माणसाचं जेवण ते काय असतं?"

(लग्नाला बावीस वर्षं झाली. त्या बावीस वर्षांत मी गॅस पेटवला तो दोनदा, आणि विझवला तो एकदाच.)

बस हलली. मी दुकान उघडलं, आणि दुपारी बारा वाजता घरी येऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो. खिचडी करायचं ठरवलं होतं. रोज घरात जेवढे तांदूळ घेतात तेवढे घेतले, मूगही अंदाजाने घेतले. मूग शिजल्यावर फुगतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या शिट्टीला कुकरने झाकणाच्या कडेने हिरवा फेस काढायला सुरुवात केली. मी गॅस बंद करून मीठ शोधायला लागलो.

एकताने फळीवर नऊ स्टीलचे डबे मांडले आहेत. नऊही सारखे. एकावरही नाव नाही. पहिल्यात पिठीसाखर निघाली. दुसऱ्यातली पूड चाटली, तो खायचा सोडा होता. तिसऱ्यात लिंबूफूल, म्हणजे आंबटढाण लिंबूसत्त्व होतं, आणि ते जिभेवर ठेवल्यावर पुढच्या सहा डब्यांची चव घेण्यात काही अर्थ उरला नाही. तुपाचा डबा उघडायला गेलो तर झाकण माझ्या हातात आलं आणि तूप माझ्या चपलेवर. एकताला फोन करावा असं एकदा मनात आलं. पण ती अजून बसमध्येच असणार. 'एका माणसाचं जेवण ते काय' म्हणणाऱ्याने त्याच दुपारी 'मीठ कुठे आहे' विचारायचं?

ओट्यावर डबेच डबे झाले होते. मी कुकर घेऊन जमिनीवर मांडी घातली आणि कुकरातूनच खायला बसलो. मूग, भात आणि पाणी. मीठ नाही, तूप नाही, फोडणी नाही. तिसरा घास तोंडात होता, तेवढ्यात गुलाबबाई काकी वाटी घेऊन आत आल्या. वाटीत बेसनाच्या गट्ट्यांची भाजी होती. वास दारातूनच आला.

काकींचं वय सत्तरच्या पुढे. आमच्या समाजात त्यांच्याइतकी तपं कुणी केलेली नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुकरात पाहिलं, मग एक मूग उचलून जिभेवर ठेवला. त्यांचे डोळे भरून आले.

"पुनीत! बेटा, तू ओळी करतोयस?"

हे जरा सांगायला हवं. आम्हा जैनांमध्ये चैत्रात आणि आश्विनात नऊ दिवसांची ओळी असते. रोज एकदाच, एका बैठकीत, नुसतं उकडलेलं किंवा कोरडं भाजलेलं खायचं. तेल, तूप, दूध, साखर, मसाला, भाजी, फळ, काही नाही. आमच्या गावात तर मीठसुद्धा नाही. या जेवणाला आयंबिल म्हणतात. जिभेला जिंकायचं, हा त्यामागचा विचार. चैत्राच्या ओळीचा तो पहिला दिवस होता, आणि ते मला काकींच्या तोंडून कळलं.

खरं उत्तर होतं, 'नाही काकी, मीठ सापडलं नाही.' पण बावन्न वर्षांच्या माणसाला हे बोलायला जीभ लागते, आणि माझी लिंबूफुलाने आधीच गेली होती. मी म्हणालो, "हं."

"आणि मी मेली तुझ्यासमोर हे घेऊन आले!" म्हणत काकींनी वाटी पदराखाली लपवली आणि परत नेली. गट्टे गेले. मी मूग खात राहिलो.

संध्याकाळी समाजाचे अध्यक्ष भीकमचंदजी स्वतः दुकानात आले. वय ऐंशीला टेकलेलं, हातात काठी. त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला हात जोडले.

"पुनीत, बारा वर्षांत या गावातल्या एकाही पुरुषाने ओळी केलेली नाही. तू लाज राखलीस. साता आहे ना?"

तप करणाऱ्याला सगळे असंच विचारतात, बरं आहे ना म्हणून. मी म्हणालो, "साता आहे." साता कसली, पोटात सोडा आणि लिंबूफूल भेटले होते.

दुसऱ्या दिवशी भांडी घासायला धनुबाई आली. तिने ओट्याजवळचा एक डबा उचलून माझ्या नाकासमोर धरला. "शेठ, हाई मीठ. आठेच ते व्हतं."

मी हात पुढे केला, तर तिने डबा मागे घेतला. "नही शेठ. काकीनी सांगेल शे, तपवाला माणूसना डोळासमोर काहीच ठेवानं नही." आणि तिने मीठ, तिखट, साखर, लोणचं, उरलेलं तूप, सगळं पिशवीत भरून काकींकडे पोचवलं. माझ्या घरात तांदूळ, मूग आणि नळ एवढंच शिल्लक राहिलं.

दुपारी मी जेवायला बसलो तेव्हा दारात चार बायका आणि तीन पोरं उभी होती. "बघ, काका कसे गपचूप जेवतात. आणि तुला भेंडी नको!" असं एका आईने पोराला सांगितलं. त्या पोराने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. त्याला बिचाऱ्याला सगळं कळलं होतं.

मग मी लाज सोडली. खरं म्हणजे लाज होती, पण भूक तिच्याहून मोठी होती. दुकानाच्या ट्रायल रूममध्ये पडद्यामागे बिस्किटांचे पुडे ठेवले आणि शर्ट घालून बघण्याच्या निमित्ताने आत जाऊन खाऊ लागलो. दिवसाला चार-पाच वेळा. बाहेर गिऱ्हाईक म्हणे, "शेठ स्वतःच सगळे शर्ट घालून बघतात."

बिस्किटांनी माणसाचं भागत नाही. तिसऱ्या दिवशी मी समोरच्या वाहिदच्या हॉटेलात मागच्या दाराने शिरलो. वाहिद माझा शाळेपासूनचा मित्र. कढईत मिरचीची भजी तळत होती.

"वाहिद, एक प्लेट दे. पटकन. कुणी बघायच्या आत."

वाहिदने झारा खाली ठेवला. "नही शेठ."

"अरे, नही काय?"

"मी बी रोजा धरस. तिसरा-चौथा दिनले मन असंच करस. माले समजस. पन तुमनं पुण्य मी मोडू देवाव नही." एवढं बोलून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि चांगल्या माणसाने चांगल्या मनाने मला दाराबाहेर काढलं. वर गल्लीतल्या सगळ्या टपरीवाल्यांना सांगून ठेवलं की शेठ मागायला आले तर काही देऊ नका, हा त्यांच्या परीक्षेचा काळ आहे.

वाईट लोकांच्या गावात उपाशी राहणं सोपं असतं. इथे सगळं गाव माझ्या आत्म्याची काळजी घेत होतं.

पाचव्या दिवशी मी दुकान नोकरावर टाकलं, 'सुरतेच्या उधना मार्केटचा व्यापारी येतोय' अशी थाप मारली आणि मोटारसायकल काढून सरळ सीमेपलीकडे सागबाऱ्याला गेलो. गुजरातेत मला कुणी ओळखत नव्हतं. एका हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि शेव-टोमॅटोची भाजी मागवली. कांदा-लसूण घालून, वर बोटभर तेल. पहिली प्लेट कशी संपली ते कळलंच नाही. दुसरीतला पहिला घास तोंडात गेला, आणि फोन वाजला. एकता.

"अहो, जेवलात?"

"हं," मी घास गालात सरकवून म्हणालो. (माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे या एका 'हं'ने झाले आहेत.)

पलीकडे तिचा आवाज कापायला लागला. "मला काकींनी सगळं सांगितलं. तुम्ही मला बोलला नाहीत सुद्धा. मी इतकी वर्षं ओळी करते, आणि तुम्ही शेजारी बसून पुऱ्या खाता. मी कधी काही म्हटलं नाही. पण वाटायचं हो." मग ती हसली. "ऐका ना. यंदा आईच्या ऑपरेशनमुळे माझी ओळी राहिली होती, पण तुम्ही तिथे एकटे करताय, म्हणून आजपासून मीही इथे आयंबिल सुरू केलं. आत्ता उडीद उकडून खाल्ले. तुम्ही काय खाल्लंत?"

माझ्यासमोर शेवेवरून तेल ओघळत होतं. मी म्हणालो, "मूग."

फोन ठेवला. प्लेट तशीच होती. तिला हात लावला नाही. हॉटेलवाल्याने विचारलं, "तीखुं लाग्युं, काका?" मी मान हलवली, कारण डोळ्यांतलं पाणी त्याने पाहिलंच होतं.

त्या दिवसापासून मी खरं तप केलं. सहावा, सातवा, आठवा, नववा. बिस्किटांचे पुडे धनुबाईच्या पोरांना दिले. रोज दुपारी मूग आणि भात, कधी करपलेला, कधी कच्चा, आणि उकळून गार केलेलं पाणी. पण पोटात मुगापेक्षा जास्त ती सागबाऱ्याची प्लेट बसली होती. काकी रोज येऊन 'साता?' विचारायच्या, आणि रोज माझी मान आणखी खाली जायची. त्यांना वाटायचं, नम्रता आली.

नवव्या संध्याकाळी एकता आली, एक दिवस आधीच. पाच दिवसांत चेहरा उतरला होता, पण इतकी आनंदात मी तिला लग्नानंतर फार वेळा पाहिलेलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "बोलू नका, थकला असाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानकात, म्हणजे आमच्या जैन उपासनागृहात, पारणं होतं, तप सोडायचा विधी. चाळीसेक माणसं जमली होती. भीकमचंदजी शाल घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आधी तपस्वीने दोन शब्द बोलावेत."

मी माईक धरला. बायकांच्या बाजूला एकता बसली होती, पदर सावरून, माझ्याकडे बघत.

"मी तपस्वी नाही," मी म्हणालो.

"किती नम्र!" मागून कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या.

"नम्र नाही. पहिल्या दिवशी मला मीठ सापडलं नव्हतं."

पुन्हा टाळ्या. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "खोल बोलला." माझा धीर सुटला.

"अहो, खरंच सापडलं नव्हतं! घरातलं मीठ! मला स्वयंपाक येत नाही, ते सांगायची लाज वाटली म्हणून मी काकींना हं म्हणालो. मग ट्रायल रूममध्ये बिस्किटं खाल्ली. तीन दिवस."

आता टाळीसाठी उचललेले हात खाली आले.

"आणि पाचव्या दिवशी सागबाऱ्याला शेवभाजी खाल्ली."

"कांद्याची?" गुलाबबाई काकींचा बारीक आवाज आला.

"कांद्याची. लसणाची पण. एक प्लेट आणि वर एक घास."

काकींनी छातीवर हात ठेवला. भीकमचंदजींच्या हातात शाल अर्धी उलगडलेली होती. त्यांनी तिची पुन्हा घडी घालायला सुरुवात केली. जन्मभर कापडाचा धंदा केलेला माणूस, घडी अगदी सरळ पडली. मग म्हणाले, "तप करून लपवलं तर चालतं. न करता दाखवलं ते चालत नाही. आश्विनात खरी ओळी कर, पुनीत. आणि त्या नऊ दिवसांचं सगळ्यांचं रांधणं तुझ्याकडे. हीच शिक्षा."

दुपारी घरी भाकरी वाढताना एकता म्हणाली, "तुम्ही खाल्लंत याचा राग नाही मला. मला वाटलं होतं, पहिल्यांदाच आपण दोघं एकच काहीतरी करतोय."

यावर मी 'हं' म्हणालो नाही; जेवून उठलो आणि दोघांची ताटं घासली.

सगळा पावसाळा मी स्वयंपाक शिकलो. एकता खुर्चीवर बसायची आणि मी चुका करायचो. तांदूळ मापायला शिकलो, उडदाच्या पिठाच्या रोट्या भाजायला शिकलो. रोट्या जरा कडक व्हायच्या. (धनुबाई म्हणे, "शेठ, यास्ले घासानं कसं?" ती त्यांना ताटल्या समजली होती.)

आश्विनात ओळीसाठी बारा जणांनी नावं दिली. स्वयंपाक कोण करणार हे कळल्यावर चार जणांना अक्कलकुव्याचे नातेवाईक आठवले, तीन जण तळोद्याला गेले, आणि दोघांनी पुढच्या चैत्रापर्यंत मन तयार करायचं ठरवलं. उरलो मी, काकी आणि एकता. काकी पहिल्याच दिवशी आपला डबा घरून घेऊन आल्या. म्हणाल्या, "बेटा, माझे दात मोजकेच राहिलेत."

एकता मात्र नऊही दिवस माझ्यासमोर बसली आणि माझ्या हातचं जेवली. एक शब्द बोलली नाही, एक घास टाकला नाही. मीही नऊही दिवस खरे केले, एक बिस्कीट नाही.

पारण्याच्या सकाळी भीकमचंदजी शाल घेऊन पुढे आले. मी हात जोडले, डोळे मिटले आणि मान खाली घातली. बराच वेळ खांद्यावर काही पडेना म्हणून डोळे उघडले. शाल एकताच्या खांद्यावर होती.

"ओळी दोघांनी केली," भीकमचंदजी माईकवर सांगत होते. "पण पुनीतने खाल्लं ते स्वतः केलेलं होतं, त्याला दुसरा इलाज नव्हता. या मुलीला समोर गुलाबबाईंचा डबा दिसत होता. तरी ती ढळली नाही. याला म्हणतात उग्र तप!"

टाळ्या थांबता थांबेनात. मीही वाजवल्या. न वाजवून सांगतो कुणाला, रोटी मीही खाल्ली होती.