चन्नबसप्पाच्या सरकारी कोंबड्या

चन्नबसप्पानं मला कोंबड्यांत फसवलं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं त्याच्याबद्दल एखादा बरा शब्द माझ्या हातून लिहिला गेला, तर वाद मिटला असं कुणी समजू नये.

मी कोंबड्यांचा व्यापारी. सायकलीच्या मागं डालगं बांधून गावोगाव फिरलो, तेव्हा कुठं हळ्ळीखेडच्या बाजारात स्वतःचं दुकान झालं. पंख उचलून बघितल्याशिवाय मी सख्ख्या भावाकडूनही कोंबडी घेत नाही. आणि मला फसवलं कुणी? ज्यानं जन्मात अंड्याला तोंड लावलं नाही, त्यानं.

चन्नबसप्पा गळ्यात लिंग बांधणारा माणूस. लग्नाच्या पंगतीत दूरवर कुठं रश्श्याचा वास आला, तर पान उचलून जागा बदलणारा. नोकरी आरोग्य खात्यात, डासांच्या फवारणीची. निवृत्त झाल्यावर आमच्या गावच्या तळ्याकाठी एकटा राहायला लागला. खात्याला तळ्याजवळचं अंगण हवं होतं, त्यांनी त्याच्या अंगणात कोंबड्या आणून ठेवल्या. खायला नव्हे. तळ्यावरचे डास त्यांना चावायचे आणि महिन्यातून एकदा कलबुर्गीहून जीप येऊन पंखाखालचं रक्त घेऊन जायची. डासांत मेंदूज्वर आला असला तर त्याची खूण आधी कोंबडीच्या रक्तात उमटते. कोंबडीला काही होत नाही, पण लेकरांपर्यंत पोचायच्या आत खबर लागते.

मठातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला बोलावून घेतलं. "काय रे चन्नबसप्पा, आपल्या दारात कोंबड्या?"

"कोंबड्या न्हाईत अप्पा. सिबंदी हाय. सरकारी."

सिबंदी म्हणजे नोकरवर्ग. निजामाच्या वेळचा शब्द, आमच्याकडं अजून चालतो. चन्नबसप्पानं तो अक्षरशः चालवला. कुंपणाबाहेर गेलेली कोंबडी गैरहजर. खुडूक बसलेली रजेवर. एक कोंबडा होता, त्याला तो साहेब म्हणायचा, कारण तो काही काम न करता सकाळपासून ओरडायचा.

कोंबडीला तो मांडीवर घेऊन बसे, पण अंड्याला हात लावत नसे. अंडी चुलीवरचं भांडं उतरवायच्या सांडशीनं उचलायचा, तोंड दुसरीकडं करून, आणि अंगणवाडीत पोचवायचा. खात्यानं त्याला मच्छरदाणी दिली होती. ती खुंटीलाच. मी एकदा विचारलं, "अण्णा, जाळी लावत न्हाईत कामून?"

"आपण जाळीत निजायचं आन सिबंदीनं डास सोसायचे? बसवण्णाला काय सांगू?"

कोंबड्या मात्र अस्सल गावरान होत्या, अंगानं भरलेल्या. माझा जीव त्यांच्यात अडकला होता. दर सणाला मी विचारायचो, "अण्णा, दोन काढा की."

"ड्यूटीवर हायत, सावकार." बस. पुढं भावच करू द्यायचा नाही. ज्याच्याशी भाव करता येत नाही, अशा माणसाचा मला मनस्वी राग येतो.

मग मागच्या वर्षी दाण्याचा आणि जीपच्या डिझेलचा पैसा वरून आला नाही. एवढ्या वर्षांत या तळ्यावर काही सापडलं नाही, तर खर्च कशाला, असं कुणीतरी कुठंतरी ठरवलं. चन्नबसप्पा हे ऐकून एवढंच म्हणाला, "रातभर चोर आला न्हाई म्हणून गुरख्याला काढून टाकतेत व्हय?" ऐकायला तिथं मी सोडून कुणी नव्हतं. आणि माझं लक्ष कोंबड्यांकडं होतं.

हुकूम आला की कोंबड्या विकून पैसे भरा. लिलावाला मी एकटाच. कारकुनाला म्हटलं, "साहेब, रक्त काढून काढून नुसती पिसं राहिलीत. फुकट नेली तरी मला तोटा हाय." मला पाहिजे त्या भावात सौदा ठरला.

दुसऱ्या दिवशी चन्नबसप्पा स्वतः दुकानात डालगं घेऊन आला. वर धोतर झाकलेलं. डोळे लाल. "आता उघडू नका सावकार. मी गेल्यावर बघा. मला बघवायचं न्हाई." मी उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा न बघता माल घेतला.

तो गेल्यावर धोतर काढलं. आत फार्मच्या पांढऱ्या म्हाताऱ्या कोंबड्या, अंडी द्यायच्या थांबलेल्या. एकमेकींना टेकून उभ्या होत्या.

आणि घेतल्या कुठून? माझ्या दुकानासमोरच्या दुकानातून! तो दुकानदार पोट धरून सांगत होता, "मैं पूछा, काटूं क्या? तो बुढ्ढा नीचेच बैठ गया. पानी मंग्या. फिर बोल्या, जिंदीच देव मियाँ."

मी तसाच तळ्यावर गेलो. माझ्या कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या. साहेब ओरडत होते.

"अण्णा, लिंगाला हात लावून सांगा. फसवलं का न्हाई मला?"

त्यानं लिंगाला हात लावला. "फसवलं."

"कामून?"

"तुमची नात मागच्या गल्लीत ऱ्हातीय न्हवं? रोज सांजच्याला ह्याच तळ्यावर खेळायलीय."

माझी लेक त्याच गल्लीत दिलेली आहे. तिची मुलगी तळ्यावर खेळते, हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. तिचा झगा कुठल्या रंगाचा, तेही त्यानं सांगितलं असतं. पण मी व्यापारी आहे, हरलेला सौदा लगेच सोडत नाही. म्हटलं, "अहो, पण रक्त न्यायला कुणी येतच न्हाई. नुसत्या कोंबड्या पाळून काय कळणार?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, अंगण सारवलेलं होतं. ओट्यावर जीपवाल्यांसाठी धुतलेले पेले पालथे घातले होते. त्यानं एक कोंबडी मांडीवर घेतली, तिचा पंख अलगद उघडला आणि आतली शीर ओल्या फडक्यानं पुसली.

"आज त्येंची तारीख हाय," तो म्हणाला. "रस्ता खराब हाय. उशीर होत असंल."

मी ओट्यावर बसून राहिलो. दुपार कलली. कोंबडी त्याच्या मांडीवर पंख पसरूनच झोपली. रस्त्यावर एक ट्रॅक्टर आला तेवढा, तेव्हा चन्नबसप्पा अर्धा उठला आणि परत बसला.

चन्नबसप्पाचं आणि माझं भांडण आमच्यात राहील. त्याला मी सोडणार नाही. पण ज्यानं तो पैसा थांबवला, त्यानं एकदा या ओट्यावर येऊन बसावं आणि सांगावं, या कोंबड्यांच्या रक्तात काय आहे ते आता बघायचं कुणी? कागद पाठवू नका. तोंडानं सांगा, आणि माझ्या नातीच्या देखत सांगा.