मीठ-मिरचीचे डॉक्टर

पेडणेकर डॉक्टरांनी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगते. काय झालं ते नंतर.

डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असे आणि खिशात मीठ, मोहरी, लाल मिरच्यांची पुडी. पहिल्या दोन वर्षांत मूल कसं वाढतं, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. मालवण ते तारकर्ली, दर महिन्याला तान्ही पोरं तोलायची. पण तोललं की मुलाला दृष्ट लागते, म्हणून आया पोराला काट्याच्या झोळीत घालू देत नसत. मग डॉक्टर मूल तोलायचे आणि तिथंच त्याची दृष्टही काढायचे. "तोलतंय मी, दिष्टय मीच काढतंय. झाला मां?" मूठ ओवाळताना काहीतरी पुटपुटायचे. मी एकदा कान देऊन ऐकलं, तर औषधांची नावं होती.

पायातले वाळेही आया काढू देत नसत. डॉक्टर ते घडवणाऱ्या सोनाराकडे जाऊन वजन विचारून यायचे आणि मुलाच्या वजनातून वजा करायचे. "एकेक ग्रॅम बोलता गो बाय," म्हणायचे.

ते आकडा सांगत, मी लिहीत असे. नवऱ्याच्या बदलीमुळे मी उदगीरकडून आलेली. इथली बोली कळेना, दिवसभर घर खायला उठायचं. काम मागायला गेले तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं. दहावी पास म्हणायची छाती झाली नाही, म्हणून "दहावी नापास" म्हणाले. खरं तर चौथीनंतर शाळा सुटलेली.

तक्त्यावर किलो लिहून, टिंब देऊन, पुढे ग्रॅम लिहायचे. सात किलो दोनशे ग्रॅम म्हटलं की मी ७.२०० लिही. सात किलो पन्नास म्हटलं की ७.५०. मधलं शून्य मला कुणी शिकवलंच नव्हतं. शंभराच्या आतले ग्रॅम आले की मूल कागदावर साडेसात किलोचं व्हायचं.

मासे विकणाऱ्या सुशीलाची मुलगी अशीच कागदावर वाढत राहिली. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तिला उचललं आणि ते थबकले. "हलकी लागता." पुन्हा तोललं. सात किलो साठ. मग त्यांनी तक्त्यावर मी लिहिलेलं ७.६० पाहिलं, आणि माझ्याकडे.

मी तक्त्यांची फळी छातीशी धरून उभी.

"चूक माझी," ते सुशीलाला म्हणाले. "चेडवाचा वजन वाढूक नाय, आणि मी नीट बघूक नाय."

सुशीला भडकली. "मीठ-मिरची ओवाळीत बसतास, आणि माझा चेडू सुकता ता दिसूक नाय तुमका? डॉक्टर कित्याक झालास?"

ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी एक शब्द बोलले नाही.

परतल्यावर त्यांच्या खोलीत मी रडत सांगितलं, "चौथी." त्यांनी खिशातली पुडी काढली, माझ्यावरून ओवाळली आणि स्टोव्हवर टाकली. दोघांनाही असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी.

"ठसका लागला," डॉक्टर खोकत म्हणाले. "म्हणजे दृष्टबिष्ट काही नाही. गणितच कच्चं आहे. बस, शिकवतो."

त्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून शून्यं घालून सगळे तक्ते पुन्हा लिहून घेतले. रोज सुशीलाच्या घरी जाऊन बोलणी खात पोरीला औषध दिलं, काय भरवायचं ते दाखवलं. पोर अंग धरू लागली, तेव्हाच सुशीलाचं तोंड थांबलं. तोवर रोज मी मागे उभी असायची. रोज ठरवायची, आज सांगू.

पुढे ते एकदा तापाने पडले. पेज घेऊन गेले तर एकटेच. मी म्हटलं, "तुमची दृष्ट कोण काढतं?"

"माझ्याकडे बघता कोण, ती लागाक?" ते हसले आणि भिंतीकडे वळले.

मी तेव्हाच काढायला हवी होती. लाज वाटली. मग नवऱ्याची पुन्हा बदली झाली आणि आम्ही निघून आलो.

डॉक्टर, मी येणार आहे. आधी तारकर्लीला सुशीलाकडे जाऊन चूक कोणाची ते सांगेन. मग तुमच्याकडे येईन. मीठ-मिरची माझी मी घेऊन येईन.