परसातला बंकर

डॉक्टरांनी परसात खड्डा खणून घेतला, तेव्हा मजुरांनी विचारलं, "टाकी बसवायची का, साहेब?" "नाही, यात मला उभं राहायचंय," डॉक्टर म्हणाले. मजुरांनी कुदळी उचलल्या. दातांच्या डॉक्टरला उलट प्रश्न विचारायची लोकांना सवय नसतेच.

डॉक्टर पुढच्या महिन्यात परदेशी गोल्फ खेळायला निघाले होते, आणि तेही समुद्रकाठच्या जुन्यापुराण्या मैदानांवर. तिथे झाड नाही, आडोसा नाही, वारा माणसाला धड उभं राहू देत नाही. वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, छातीइतके खोल. चेंडू त्यात पडला की भिंतीवरून सरळ वर उडवावा लागतो. डॉक्टरांनी हे सगळं व्हिडिओत पाहिलं आणि अक्कलदाढ काढावी इतक्या गंभीरपणे ते तयारीला लागले. आपला खड्डा तर त्यांनी डोक्याहूनही खोल खणवला होता; त्यात वाळू ओतली. काठावर उभा पंखा ठेवला आणि त्याची वायर स्वयंपाकघरातून ओढली. वाऱ्याचीही सोय झाली.

खरं तर ही सहल डॉक्टरांसाठी ठरलीच नव्हती. डॉक्टरीणबाईंचे थोरले भाऊ निवृत्त न्यायाधीश. वहिनी गेल्यापासून त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं आणि गोल्फची बॅग माळ्यावर टाकली होती. बहिणीने नाना परीने विनवलं, तेव्हा कुठे ते या एका गोष्टीला हो म्हणाले. अट एकच, डॉक्टर बरोबर हवेत.

"तुमची कंबर धरली ना, तर दादा पुन्हा दार लावून बसेल," बाईंनी बजावलं होतं. "मी घरात नसताना त्या खड्ड्यात पाय टाकायचा नाही. कळलं?"

डॉक्टरांना कळलं होतं. म्हणून तर बाई शिंपिणीकडे जाईपर्यंत ते थांबले.

खड्ड्यात चढउतार करायला त्यांनी दवाखान्यातलं जुनं स्टूल, चाकं काढून, खाली ठेवलं होतं. उतरले छान. चेंडू मात्र दर वेळी भिंतीवर आपटून पायाशी परत येत होता. शेवटी कंटाळून त्यांनी वर यायला स्टुलावर पाय ठेवला आणि कंबरेत कळ आली. तेवढ्यात, प्रवासात कोणते बूट घ्यावेत हे विचारायला न्यायाधीश मागच्या फाटकातून आले.

"डॉक्टर, हे काय?"

"सराव."

"आणि चेहरा असा का?"

"कंबर."

न्यायाधीशांनी दोन्ही बाजू नीट पाहिल्या, म्हणजे डॉक्टरांची आणि खड्ड्याची. "हिला कळता कामा नये," ते म्हणाले. "मी खाली येतो आणि तुम्हाला मागून उचलतो."

त्यांनी स्टुलावर पाय दिला. दवाखान्यातली ही स्टुलं हवेवर खालीवर होतात. भार पडताच स्टुलाने एक दीर्घ निःश्वास सोडला आणि न्यायाधीश अत्यंत सावकाश, मान ताठ ठेवून, खाली गेले. स्टूल नंतर काही केल्या वर येईना. न्यायाधीशांनी डॉक्टरांना मागून उचलायला घेतलं, तर डॉक्टर असे ओरडले की तोही विचार सोडावा लागला.

"फोन?"

"ओट्यावर. तुमचा?"

"घरी. हाका मारू या का शेजाऱ्यांना?"

"मारू. पण आले तर त्यांना सांगायचं काय?"

हाकांचा बेत तिथेच बारगळला. पंखा वरून इमानेइतबारे वाळू उडवत होता. थोड्या वेळाने न्यायाधीश म्हणाले, "आलोच आहोत, तर एक मारून बघतो."

त्यांनी स्टिक उचलली आणि जोरात फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. ओंजळभर वाळू मात्र उडाली आणि पंख्याच्या वाऱ्याने थेट डॉक्टरांच्या तोंडात गेली. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगणारा हा माणूस नेमका आ वासून बघत होता.

"चूळ भरा," न्यायाधीश म्हणाले.

मग त्यांच्या घशातून काहीतरी खरखर आवाज आला. डॉक्टरांना वाटलं, ठसका लागला. पण न्यायाधीश हसत होते. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

डॉक्टरीणबाई परत आल्या, तेव्हा तो आवाज त्यांनी लिंबाच्या झाडापाशीच ओळखला. त्या जागच्या जागी थांबल्या.

"पुन्हा मारा दादा, शेवटचा," खड्ड्यातून डॉक्टरांचा आवाज आला.

"मघाचाही शेवटचाच होता! आणि हे बघा, कंबर नाही सुटली तरी चला. तुम्ही खुर्ची टाकून बसा, मी खेळतो. पण जायचं म्हणजे जायचं."

नवरा कंबर धरून बसलाय हे बाईंना कळलं. रागाने त्यांनी तोंड उघडलं, इतक्यात चेंडू खड्ड्यातून उसळून वर आला आणि त्यांच्या चपलेशी थांबला.

"गेला! बाहेर गेला!" खालून डॉक्टर ओरडले.

"मग झालं," भावाचा आवाज एकदम खाली आला. "आता हिची वाट बघायची."

परसात फक्त पंख्याची घरघर उरली. बाईंना ती शांतता सोसवेना. त्यांनी डोळे पुसले, वाकून चेंडू उचलला आणि अलगद खड्ड्यात टाकला.

"अहो, परत आला!"

"वारा, डॉक्टर, वारा!" न्यायाधीशांनी निकाल दिला. "तिकडेही हे असंच होणार. सरका, आता माझी पाळी."

बाई पाय न वाजवता आत गेल्या आणि तिघांचा चहा ठेवला, अगदी मंद आचेवर.