चिमणाबाईंच्या दुधातला x

सातवीच्या मुलांना समीकरणं सोडवता यायची, पण ती कशाची आहेत हे काही केल्या कळायचं नाही. म्हणून त्रिशला मॅडमनी ‘जोड्या जुळवा’ची एक पत्रिका काढली. डावीकडे शाब्दिक उदाहरणं, उजवीकडे समीकरणं. पुस्तकातले हौद आणि आगगाड्या काढून त्यांनी मंगळवार पेठेतली ओळखीची माणसं घातली. चौथं उदाहरण होतं, ‘चिमणाबाईंनी ६ लिटर दुधात काही पाणी घातले. एकूण ८ लिटर झाले.’ त्याची जोडी, ६ + x = ८.

मॅडमना शाळेत लागून चारच महिने झाले होते. संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस बांधून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढणाऱ्या चिमणाबाई त्यांना आवडायच्या, म्हणून नाव सुचलं, इतकंच.

वर्गातल्या अपूर्वानं ती पत्रिका नेमकी त्याच कट्ट्यावर, वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवली. शेजारच्या गिऱ्हाइकांनी दुधाचा पेला उजेडात धरून बघितला. दोघं-तिघं न पिताच उठले. वीस वर्षांत पहिल्यांदा चिमणाबाईंचं दूध उरलं.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला त्या वर्गाच्या दारात उभ्या. म्हैस मागं, पटांगणातल्या झाडाला.

“मॅडम, माज्या दुधात मी पाणी घातलं न्हाई. तुमी घातलं.”

“मावशी, ते काल्पनिक आहे हो.”

“काल्पनिक कोण? चिमणाबाई मी हाय की.”

“मी नाव बदलते.”

“आता बदललं तर लोक म्हणतील, म्हातारीनं दम दिला. नाव ऱ्हाऊ दे. पाणी काढा.”

मॅडमना ते पटलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ६ + x = ६. चिमणाबाईंना सांगितलं, “आता x शून्य. पाणी नाहीच.”

अपूर्वानं हात वर केला. “मॅडम, उत्तर शून्य आलं की गणित चुकलेलं असतंय. तुम्हीच सांगितलंय.”

वर्गानं माना डोलावल्या. मॅडमना आठवलं, खरंच सांगितलं होतं.

“मग दावतेच,” चिमणाबाई म्हणाल्या. “ही म्हस रोज सांजचं सा लिटर देती. रिकामी बादली बघून घ्या, मग मोजा.”

अख्खा वर्ग पटांगणात. मुलांनी लिटरच्या रेघांची बादली उलटी करून बघितली. धार छान लागली. एक लिटर, दोन, तीन, चार. तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली. म्हैस दचकली, शेपटी हलली आणि धार थांबली ती थांबलीच.

अपूर्वानं वहीत शांतपणे लिहिलं आणि वाचलं, “४ + x = ६. x बरोबर २.”

म्हणजे रोजचे दोन लिटर पाणीच की काय? सगळे चिमणाबाईंकडे बघत होते. मॅडमना वाटलं, आता नोकरी गेली तरी चालेल, पण जमिनीनं पोटात घ्यावं.

“पान्हा चोरला हिनं,” चिमणाबाई म्हणाल्या. “भ्याली म्हणून दूध वर वढून धरलंय.”

“म्हणजे x म्हशीत हाय?” अपूर्वानं विचारलं.

इतका चांगला प्रश्न या वर्गात चार महिन्यांत कुणी विचारला नव्हता. “चला, बघूया,” मॅडम म्हणाल्या.

पुढं म्हैस, मागं बादली धरलेल्या मॅडम, त्यांच्यामागं सातवीचा वर्ग, अशी वरात कट्ट्यावर पोचली. वरात बघून पेठेतली माणसंही जमली. चिमणाबाईंनी पेंड पुढं ठेवली, म्हशीची पाठ थोपटली, तिच्याशी हळू आवाजात काहीबाही बोलल्या. पाच मिनिटं गेली. मग धार लागली. दूध सहाच्या रेघेला टेकलं आणि थांबलं.

अपूर्वानं वाकून रेघ तपासली. “पाणी शून्य,” ती म्हणाली. “गणित बरोबर हाय.”

सहा लिटर पंधरा मिनिटांत संपले. पहिला पेला चिमणाबाईंनी मॅडमच्या हातात दिला. काल उठून गेलेल्यांना आज थेंबही मिळाला नाही.

सोमवारी मॅडम शाळेत आल्या, तर फाटकाशी फेटा बांधलेले एक गृहस्थ वाट बघत उभे. पलीकडच्या कट्ट्यावर दूध विकणारे हंबीरराव.

“मॅडम, एक गणित आमच्याबी नावानं काढा की,” ते अदबीनं म्हणाले. “पाणी किती घालायचं ते तुमी ठरवा.”