दाराबाहेरचा भाव

माझा धाकटा भाऊ लखू केजला जाताना काळी-पिवळी जीपमध्ये चार माणसांच्या जागेत पाचवा होऊन बसतो आणि बोटात नव्या कोऱ्या कारची चावी फिरवत राहतो. कार घरी, पत्र्याखाली. चावी मात्र जीपमध्ये, सगळ्यांना दिसेल अशी.

कोणी विचारलं, "लखूअण्णा, गाडी कावून न्हाई आणली?" की याचं उत्तर तयार. "आज अमावस्या हाय." नाहीतर, "इंजन नवं हाय, लई पळवू न्हाई." एकदा तर म्हणाला, "तिला बाजारातली गर्दी सोसत न्हाई." जशी काय गाडी नाही, माहेरपणाला आलेली लेकच.

खरं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पेट्रोल.

गाडी घ्यायला बीडला गेलो तेव्हा मी सोबत होते. जाहिरातीत वाचलेला भाव खरा धरून लखूनं तेवढेच पैसे पिशवीत बांधून नेले होते. दुकानातला माणूस म्हणाला, "काका, हा शोरूमचा भाव. रस्त्यावर आणायची तर टॅक्स, पासिंग, विमा वेगळा."

लखू उठून उभा राहिला. "दाराच्या आत एक भाव अन् दाराबाहेर दुसरा? दार काय सोन्याचं हाय का?"

"आणि विमा दरवर्षी भरावा लागतो, काका."

"दरसाल? गाडी तर एकदाच घ्यायलोय की मी!"

सगळं दुकान हसलं. मला तोंड कुठं लपवावं कळेना. त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. वाटलं, खूळ गेलं. तर यानं घरी येऊन दुभती म्हैस विकली आणि गाडी आणली. तेव्हापासून त्याच्या दारात गाडी आणि चुलीवर कोरा चहा. पाहुण्यांना सांगायचा, "दुधानं पित्त होतं."

त्याची बायको वारली, मूलबाळ नाही. एकट्या माणसाला गाडी कशाला, हे मी त्याला तोंडावर विचारलं होतं. म्हणाला, "लागती कधी तरी."

गेल्या महिन्यात आम्ही दोघं माझा डोळा दाखवायला निघालो. जीपमध्ये पुन्हा ती चावी फिरायला लागली. मला राहवलं नाही. "लखू, पेट्रोलला पैसे न्हाईत म्हणून सांग की लोकांला एकदाचं!"

जीपभर हसू उसळलं. लखूही हसला. मग चावी खिशात घातली आणि केज येईपर्यंत बाहेर बघत बसला. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

केजच्या डॉक्टरनं अंबाजोगाईला पाठवलं, तिथं डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून बाहेर आले, तर दवाखान्याच्या फाटकासमोर लखूची कार. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. त्यावर गोधडी अंथरलेली.

"पेट्रोल?" मी विचारलं.

"भरलंय. बस तू."

बैलगाडीच्या चालीनं तो कार हाकत होता. बऱ्याच वेळानं समोर बघतच बोलला, "अक्का, गेल्या साली तू तापानं फणफणली व्हतीस. जीपवाल्यानं मधीच उतरवलं आपल्याला. म्हणला, म्हातारी वकायली, गाडी घाण व्हायली. तुला रस्त्याच्या कडंला बसवून मी हरेक गाडीला हात करत व्हतो. एकबी थांबली न्हाई. लई लाज वाटली बग."

तापात मला यातलं काही कळलं नव्हतं. त्यानंही आजवर सांगितलं नव्हतं. आणि मी भरल्या जीपमध्ये त्याचं हसू केलं होतं. चांगल्या डोळ्यानंही मला त्याच्याकडे बघवेना.

"अक्का, एसी लावू का?" त्यानं विचारलं.

एसीला पेट्रोल जास्त लागतं, एवढं मलाही कळतं. थंडीचे दिवस होते. पण तो आरशातून माझ्याकडे बघत थांबला होता.

"लाव," मी म्हणाले. "लई उकडायलंय."

आणि अंगाखालची गोधडी काढून गळ्यापर्यंत ओढून घेतली.