उडाणटप्पूचे गुण

संपादकांचा फोन आला तेव्हा अण्णा एका जाडजूड कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात होते आणि लेखकाला न दुखवता खरं कसं लिहावं, या विवंचनेत होते.

"अण्णा, एक नड आहे. आपला व्हिडिओ गेमवर लिहिणारा पोरगा अंगठा मुरगळून बसलाय. या आठवड्याचं परीक्षण तुम्ही लिहा."

"मी? अहो, मी पुस्तकांवर लिहितो."

"शेवटी गोष्टच असते हो त्यात. एक जण इकडून तिकडे उड्या मारत जातो. आजच पाठवून देतो."

"पण कोणता गेम?"

"‘उडाणटप्पू’. नववा भाग."

अण्णांच्या हातून फोन निसटता निसटता राहिला. टोपीवाला टप्पू पंचवीस वर्षं उड्या मारत होता. त्याचा पहिला भाग खेळलेल्या पोरांना आता टकलं पडली होती. पण या नवव्या भागातले जिने, खड्डे आणि तरंगत्या फळ्या रचल्या होत्या अण्णांच्या मुलीने, चिमीने. "अहो, पण त्यात माझी..." एवढं ते म्हणेपर्यंत संपादकांनी "झालं तर मग" म्हणून फोन ठेवलाही होता.

परत फोन करून नाही म्हणायचं, असं अण्णांनी ठरवलं. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. पहिलं वाक्य फार लाचार वाटलं म्हणून खोडलं, दुसरं उद्धट वाटलं म्हणून खोडलं. उरला फक्त ‘नमस्कार’. नुसता नमस्कार करायला फोन कशाला, म्हणून तो केलाच नाही. चिमीलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती लिहू नका म्हणाली असती, आणि मग पुन्हा संपादकांना फोन करणं आलं.

चिमीची अवस्था आधीच बिकट होती. रोज जेवताना ती फोनवर आलेली परीक्षणं वाचून दाखवायची आणि घास हातातच राहायचा.

"हा म्हणतो, यात नवीन काहीच नाही."

"आणि दुसरा?" आईने विचारलं.

"तो म्हणतो, एवढं नवीन करायची काय गरज होती. आमचा जुना टप्पू कुठे गेला."

"दोघांना एका खोलीत कोंडून ठेव."

"आई, चेष्टा नको. जगभरची परीक्षणं गोळा करणारी एक साइट आहे, ती सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढते. दहापैकी आठ टिकले तर दहावा भाग निघणार आणि आमची टीम राहणार. आठाच्या खाली गेलो तर टप्पूला मूठमाती आणि आम्हाला नारळ. शुक्रवारी साहेब आकडा बघणार."

अण्णांनी मान ताटात घातली.

दुपारी चिमी ऑफिसात असताना ते तिच्या खोलीत टीव्हीसमोर बसू लागले. टप्पू दुसऱ्या खड्ड्याच्या पुढे जाईना. दार लोटून बायको आत आली आणि थोडा वेळ बघत उभी राहिली.

"अहो, उडीच्या आधी थांबता कशाला?"

"विचार करतो."

"टप्पू विचार करत नाही. द्या इकडे."

तिने चष्मा पुसला आणि टप्पूला तीन खड्डे, एक पूल आणि एक चिडलेला हंस पार करून नेलं. तेव्हापासून ती खेळायची आणि अण्णा टिपणं काढायचे. वाईट काय आहे ते शोधायचं, असा त्यांनी निश्चय केला होता. पण एक गोष्ट त्यांना राहून राहून आवडायची. टप्पू पडला की आधी कुणी पाहिलं का ते हळूच बघायचा, मग मागची धूळ झटकायचा आणि काही झालंच नाही अशा तोऱ्यात उठायचा. सायकल शिकताना चिमी अशीच उठायची.

पाचपैकी पाच द्यावेत, असं त्यांच्या मनात आलं. पण बापाच्या मनाचा काय भरवसा? म्हणून त्यांनी एक कापला, परीक्षणाखालच्या चौकटीत ‘४’ लिहिलं आणि मजकूर पाठवून दिला. त्या सदरावर लिहिणाऱ्याचं नाव छापत नसत, एवढाच काय तो दिलासा.

गुरुवारी संध्याकाळी चिमी घरी आली ती जमिनीपासून जरा वरूनच चालत.

"बरोबर आठ आहेत आत्ता. आता एकच परीक्षण बाकी आहे."

"कुणाचं?" आईने विचारलं.

"आपल्याच पेपरचं. उद्या सकाळी येईल. त्याने आठाला एक जरी कमी दिला ना, तर संपलं."

अण्णांना ठसका लागला. बायकोने पाठीवर थापट्या मारल्या, जरा जास्तच जोरात. मग अण्णांनी मनातल्या मनात हिशेब केला. पाचपैकी चार म्हणजे दहापैकी आठ. ठसका थांबला.

सकाळी ते बाहेर आले तेव्हा चिमी पेपर घेऊन दारातच उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"चार दिलेत."

"चांगले आहेत की."

"चांगले? अण्णा, दहापैकी चार."

"दहापैकी कसे?"

"गेमचे गुण दहापैकीच असतात. सदराच्या डोक्यावर छापलेलं असतं."

ते सदर अण्णांनी जन्मात वाचलेलं नव्हतं. पुस्तकांचे गुण पाचपैकी, म्हणजे सगळ्यांचेच पाचपैकी, असं ते धरून चालले होते.

"आणि वर लिहिलंय बघा काय. ‘पडण्यात इतकी माया आम्ही कुठे पाहिली नव्हती.’ एवढं म्हणून चार. गोड बोलून गळा कापलाय. कोण आहे हा नालायक?"

"असेल कुणीतरी भित्रा," आई अण्णांकडे बघत म्हणाली.

अण्णांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात चिमीचा फोन वाजला. पलीकडे बराच आरडाओरडा चालला होता. ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"साइटवर आपल्या पेपरचे आठ लागलेत. ऑफिसात नाचतायत सगळे."

"आठ कसे?"

"त्यांना आपली अक्षरं येत नाहीत. चौकटीतला आकडा तेवढा बघतात. नेहमीचा माणूस इंग्रजी आकडे घालतो. या शहाण्याने मराठी चार काढलाय, तो त्यांना इंग्रजी आठ दिसला."

अण्णा मटकन खुर्चीत बसले.

"मग झालं की," आई म्हणाली. "मी चहा टाकते."

"झालं कसं? चार आहेत ते. मी त्यांना कळवणार."

"तुला कुणी विचारलंय का?"

"चूक आपल्या फायद्याची असली तरी आधी आपण दाखवायची. अण्णांनीच शिकवलंय."

दुसरं काही शिकवायला सुचलं नव्हतं का, असं अण्णांनी स्वतःला विचारलं. गप्प बसावं तर चिमी आठाचे चार करणार. तोंड उघडावं तर बापाने लिहिलेलं परीक्षण कोण धरणार? दोन्हीकडून आठ जाणार होते. चिमी भराभर टाइप करत होती.

"पाठवते."

"थांब. ते आठच आहेत."

"म्हणजे?"

"पाचपैकी चार आहेत ते. म्हणजे आठच झाले."

"तुम्हाला काय माहीत?"

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. ती पातेल्यात बघत होती.

"मीच लिहिलंय," ते म्हणाले.

चहा उतू जायला आला. चिमीने पुढे होऊन गॅस बंद केला. "बापाचं परीक्षण चालत नाही, अण्णा."

"माहीत आहे."

"आता हेही कळवावं लागेल."

"कळव."

"मी नालायक म्हटलं तुम्हाला."

"ते राहू दे. तुला शब्द बरोबर सापडला होता."

तिने आधीचं सगळं पुसलं आणि नवीन लिहायला घेतलं. मध्येच थांबली. "एक कुठे कापलात?"

"तू माझी मुलगी, म्हणून."

"म्हणजे शेजाऱ्यांची असते तर पाच?"

"हो."

"शेजारीच बरे मग," ती म्हणाली आणि पत्र पाठवून दिलं.

त्यानंतर तिघंही टेबलावरच्या फोनकडे बघत बसले. चहा निवला, कुणी प्यायलं नाही. ऑफिसला निघायची वेळ झाली तरी चिमी उठली नाही. शेवटी फोन थरथरला. चिमीने तो उचलून पाहिला, डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिला.

"परीक्षण काढून टाकलंय."

"आणि सरासरी?" अण्णांनी विचारलं.

"आठ."

"अजून?"

"काल आठच होती ना. आठाच्या सरासरीतून तुमचे आठ काढले, राहिले आठ. माझ्या डोक्यातच आलं नाही." ती हसायला लागली. "अण्णा, तुमच्या परीक्षणाने काडीचाही फरक पडला नाही."

अण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पुन्हा एकदा म्हण."

"काडीचाही फरक पडला नाही."

"बघा," बायको गार झालेले कप उचलत म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय, तेव्हा नाही कधी एवढा आनंद झाला."